किल्ली कुणाकडं राहणार?

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'स्थानविकास व पर्यटन नियोजन सल्लागार' असं छापलंय. घरात ते कुणाला पाठ होत नाही. माझी मामी पाहुण्यांना सांगते, "ती जुन्या देवळांपाशी बाकडी टाकून देती." मी दुरुस्ती करायचं सोडून दिलंय, कारण मामीचं निम्मं बरोबर आहे.

उरलेलं निम्मं असं. गावात लोक जिथं आधीपासून जमतात, बसतात, पाणी भरतात, भांडतात, त्या जागा ओळखायच्या. त्यांची डागडुजी, सावली, बसायची सोय गावाच्या मतानं ठरवायची. बाहेरून येणाऱ्याला तिथं घटकाभर थांबावंसं वाटेल, पण त्याच्या येण्यानं गावाचं रोजचं काम अडणार नाही, हे बघायचं. त्यासाठी नकाशे लागतात, अंदाजपत्रक लागतं, जिल्हा नियोजन समितीकडं जाणारे प्रस्ताव लागतात. पण कामाचा मोठा हिस्सा नुसतं बसून बघण्यात जातो, आणि त्याचं बिल कुठल्या हेडखाली लावायचं हा प्रश्न कायमचाच.

नगरनियोजन शिकून मी पुण्यात एका कन्सल्टन्सीत लागले. तिथं तीर्थक्षेत्रं आणि पर्यटनस्थळांचे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तयार व्हायचे. जुनी फाइल उघडायची, गावाचं नाव बदलायचं, मापं बदलायची. प्रवेशकमान, पेव्हर ब्लॉक, वाहनतळ, स्वच्छतागृह, भक्तनिवास, हायमास्ट. नंतर नंतर त्यात मोठ्या रंगीत अक्षरांचा सेल्फी पॉइंट आला. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, साधा हिशेब होता. सल्लागाराची फी बहुतेक वेळा प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्क्यांत ठरते. पिंपळाचा पार नीट करायला लाखभर रुपये पुरत असतील, तर सल्लागाराच्या हाती चहापाण्याचे पैसे येतात. कमान घातली की ऑफिसचं भाडं निघतं. म्हणून कमान. मराठवाड्यात फिरताना गावापेक्षा उंच कमानी दिसतात, त्या अशा उगवतात.

पुणं सोडून मराठवाड्यात परत आले तेव्हा जो भेटेल तो विचारायचा, "इथं काय पर्यटन? वेरूळ-अजिंठा सोडलं तर?" वेरूळ आणि अजिंठा १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण तिथल्या पाहुण्यांचा प्रवास ठरलेला असतो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, त्या हिशेबानं गाड्या फिरतात. अजिंठ्याला तर खासगी गाडी फर्दापूर फाट्यावरच थांबवून पुढचे चारेक किलोमीटर शटल बसनं नेतात, लेण्यांना धुराचा त्रास नको म्हणून. ते योग्यच आहे. पाहुणा रात्री शहरातल्या हॉटेलात परततो, आणि वाटेत लागणारी गावं त्याला गाडीच्या काचेतून दिसतात तेवढीच.

आणि पर्यटक नाहीत असं म्हणणाऱ्यानं नवरात्रात तुळजापूरला जाऊन उभं राहून दाखवावं. बारा ज्योतिर्लिंगांपैकी परळी, औंढा आणि घृष्णेश्वर आपल्याकडची. शिवाय माहूरची रेणुका, नांदेडचं हुजूर साहिब, नाथषष्ठीचं पैठण. माणसं येतात, भरपूर येतात. दर्शन घेतात, चहा पितात आणि निघतात. आडबाजूला होट्टलसारखं चालुक्यकालीन देऊळ असतं, खरोशासारखी लेणी असतात, नळदुर्गसारखा किल्ला असतो, त्यांच्याकडं वाट वळत नाही. मला तिथं काम दिसत होतं. पैसे दिसत नव्हते, ते अजूनही अंधुकच दिसतात.

या विषयाचं शास्त्र परदेशात वाढलं. विल्यम व्हाइट नावाच्या माणसानं सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून लोक कुठं बसतात, कुठं रेंगाळतात हे टिपून काढलं. निघालेला निष्कर्ष ऐकून आपल्या गावचा म्हातारा हसेल: बसायला जागा असेल तिथं माणसं बसतात. खुर्ची हलवता येत असेल तर ती इंचभर का होईना हलवून मगच टेकतात. याच विचाराच्या धाग्यावर तिथं १९७५ मध्ये 'प्रोजेक्ट फॉर पब्लिक स्पेसेस' ही संस्था सुरू झाली. आपल्याकडच्या बाकांचे पाय सिमेंटमध्ये रोवावे लागतात, नाहीतर बाक सकाळी कुणाच्या तरी अंगणात सापडतो. तेवढा फरक सोडला तर निरीक्षण इथंही लागू पडतं.

तर आता ज्या गावाबद्दल लिहायचंय ते. नाव लिहीत नाही. गंगाखेडच्या बाजूचं, गोदावरीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. गावाबाहेर महादेवाचं जुनं दगडी देऊळ, लोकांच्या भाषेत हेमाडपंती. देवळामागं बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. महाशिवरात्रीला जत्रा. सरपंच बाई, पण फोन त्यांचे यजमान उचलायचे. त्यांनीच बोलावलं. "मॅडम, आपल्याला पर्यटनाचा दर्जा पाहिजे. क वर्ग झालं की निधी येऊ लालाय सगळीकडं." क वर्ग म्हणजे जिल्हा पातळीवर मिळणारा पर्यटनस्थळाचा दर्जा.

पहिल्याच फेरीत देवळासमोर एक पक्की इमारत दिसली. भक्तनिवास. कुठल्याशा जुन्या योजनेतून झालेलं, दाराला कुलूप. खिडकीतून आत पाहिलं तर छतापर्यंत सोयाबीनची पोती आणि कोपऱ्यात फवारणीचा पंप. किल्ली कुणाकडं, असं विचारलं. यजमान म्हणाले ग्रामसेवकाकडं. ग्रामसेवक म्हणाले मंदिर समितीकडं. समितीचे आबा म्हणाले, "किल्ली कशाची? कुलूप मीच नवं घातलं. जुनं गंजलं होतं." मग पोती कुणाची, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण आबांच्या चेहऱ्यावर उत्तर होतं. बाजूच्या स्वच्छतागृहालाही कुलूप होतं. त्याचं कारण वेगळं होतं: टाकीला पाणीच नव्हतं.

असली कुलपं मी इतक्या ठिकाणी पाहिलीत की आता माझ्या प्रत्येक प्रस्तावात एक तक्ता असतो. वस्तू कोणती, किल्ली कुणाकडं, झाडणार कोण, लाइटबिल कोण भरणार, मोडलं तर पैसे कुठून. ज्या ओळीत रकाना रिकामा राहतो ती वस्तू अंदाजपत्रकातून काढायची. अधिकाऱ्यांना हा तक्ता आवडत नाही असं नाही, त्यांना तो लावायचा कुठं ते कळत नाही.

गावात पहिले काही दिवस मी काहीच मांडलं नाही. देवळाच्या पायरीवर, पारावर, हापशापाशी, शाळेच्या कट्ट्यावर नुसती बसायचे. बायका विचारायच्या, "कामून बसल्या हो ताई इथं? कुणाची वाट बघू लालात?" पुरुष विचारायचे नाहीत, ते आपसांत अंदाज बांधायचे. मी भूसंपादनवाली आहे असा एक अंदाज बराच टिकला.

मग शाळेच्या मैदानात गावाचा नकाशा काढला. रांगोळीनं, विटांच्या तुकड्यांनी, पानांनी, जे हाताशी असेल त्यानं. पीआरए, म्हणजे लोकांनीच केलेली गावाची पाहणी, म्हणतात त्याला, पाणलोटाची कामं झालेल्या गावांना तो नवा नाही. मी एक पथ्य पाळते: पुरुषांचा नकाशा वेगळा, बायकांचा वेगळा. पुरुषांच्या नकाशात डांबरी रस्ता, बसथांबा, सोसायटी, पार आणि मध्यभागी देऊळ. बायकांनी आधी हापसा काढला. मग गिरणी, अंगणवाडी, दवाखान्याची खोली. देऊळ कडेला, छोटंसं. पण देवळामागून बारवेकडं जाणारी एक पायवाट त्यांनी जाड रेघेनं काढली. तिच्या दोन्ही बाजूंना बोटांनी खुणा केल्या. "हितं धुणं. हितं गोधड्या वाळू घालायच्या. हितं बसायचं." समोरचा पार पुरुषांचा, म्हणून त्या देवळाला मागूनच जातात. गावातल्या लेकीसुना मोकळेपणानं बोलतात ती जागा बारवेच्या वरच्या पायरीवर आहे, हे पुरुषांच्या नकाशात नव्हतं.

आणि नेमक्या त्याच पायवाटेवरून पर्यटकांचा मार्ग न्यावा, असं मंदिर समितीच्या डोक्यात होतं. फोटो तिकडून चांगला येतो म्हणून. फोटो खरंच चांगला येतो. पण कॅमेरे घेतलेली माणसं तिथून यायला लागली असती तर बायकांची ती जागा महिनाभरात गेली असती, आणि गेली हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मार्ग उत्तरेच्या बाजूनं, चिंचेखालून वळवला. थोडा लांब पडतो. बारव बघायची वेळ सकाळी दहानंतरची ठेवली, धुणं उरकल्यावर.

दुसरी अडचण कायद्याची. गावात कुणीतरी पसरवलं की देऊळ "पुरातत्त्व"मध्ये गेलं की चूल बांधायलाही दिल्लीची परवानगी लागते. ही भीती हवेतली नाही. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. जुन्या घराच्या दुरुस्तीलाही ना-हरकत लागते. संरक्षित स्मारकाला खेटून राहणाऱ्यांना याचा काच सोसावा लागतो, आणि त्यांच्याशी 'वारसा जपा' एवढंच बोलणाऱ्यांचा मला राग येतो. पण आमच्या गावचं देऊळ केंद्राच्या यादीत नव्हतं, राज्याच्याही नव्हतं. त्यामुळं उलटा धोका होता. अडवायला कुणीच नाही. भक्तिभावानं कुणीतरी सभामंडपाच्या खांबांना चकचकीत ऑइल पेंट दिला होता. खालच्या अर्ध्या भागात पांढरी बाथरूमची फरशी. एका सुरसुंदरीचा, म्हणजे कोरीव अप्सरेचा, चेहरा रंगाच्या थरांनी इतका बुजला होता की नाक कुठलं आणि गाल कुठला ते सांगता येत नव्हतं.

इथं घाई केली की काम बिघडतं. रंग काढायला वाळूचा फवारा मारला तर रंगाबरोबर दगडाची वरची कातडीही जाते. मी पुरातत्त्व शिकलेल्या एका मित्राला बोलावलं. त्यानं एका खांबाच्या तळाशी वितभर जागेवर रासायनिक लेप लावून, मऊ ब्रशनं थर उतरवून दाखवले. आधी निळा, त्याखाली चुन्याचा, त्याखाली काळा दगड. त्या दगडावर हंसांची बारीक ओळ निघाली. आबा खाली उकिडवे बसून बघत होते. ज्या कुटुंबानं रंग दिला होता त्यांचा कर्ता माणूस मागं उभा होता, अवघडून. आबांनी त्याला हाताला धरून पुढं ओढलं आणि म्हणाले, "बघ, तुझ्या आज्यानं हे बघितलं असंल." पुढचा रंग लावायचा नाही एवढा निर्णय तिथंच झाला. सगळा रंग उतरवण्याचं काम जाणकारांचं आणि खर्चाचं आहे, ते अजून व्हायचंय.

बारवेचा गाळ मात्र पोरांनी काढला. सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली, ते त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं, आणि आपण काय कमी आहोत का, हा मराठवाड्यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न त्यांना पडला होता. दोन अटी घातल्या: खाली उतरण्याआधी पाणी उपसून एक दिवस हवा खेळू द्यायची, आणि निघालेला दगडाचा प्रत्येक तुकडा फोटो काढून, नंबर टाकून ठेवायचा. मौल्यवान काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, १८७८ चा निखात निधीचा कायदा त्यासाठीच आहे, हेही सांगून ठेवलं. गुप्तधन काही निघालं नाही. निघाले ते गणपतीच्या प्लास्टरच्या मूर्तींचे अवशेष, ट्रॉलीभर. शिवाय नंदीचं तुटकं मुख आणि एक अख्खी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी शिवारात सापडणाऱ्या वस्तू जमवल्या म्हणून आज तिथं सरकारी संग्रहालय आहे, हे मी पोरांना सांगितलं. त्यातल्या एकानं लगेच विचारलं, "मग तिथं नोकरी कुणाला लागली?" चांगला प्रश्न होता.

जेवणाची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. माझ्या डोक्यात ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, अंबाडीची भाजी. बचत गटाच्या बायका म्हणाल्या, पुरी आणि पनीर. मला वाटलं गावाला आपल्या जेवणाचा कमीपणा वाटतोय. तसं नव्हतंच. गटाच्या अध्यक्षांनी समजावलं, "ताई, पुरी करून ठेवता येती. भाकर थापावी लागती, एकेक. चाळीस माणसं एकदम उतरली तर परातीपाशी कोण बसंल? आमचेच हात." शहरातल्या माणसाला चुलीवरची गरम भाकरी हवी असते. ती गरम मिळण्यासाठी कुणीतरी तासभर धुरात बसलेलं असतं, याचा दर ताटात धरलेला नसतो. शेवटी असं ठरलं: आदल्या दिवशी फोन केल्याशिवाय जेवण नाही, भाकरीची एका वेळी पंधरा ताटं, त्यावर नाही. गट मोठा असेल तर धपाटे आणि दही, कारण धपाटे गार झाले तरी चालतात. भाकरीच्या ताटाचा दर धपाट्यापेक्षा जास्त. पाहुणे यावर कुरकुरतात. कुरकुरू देत.

हंगामाचं गणित पुस्तकात मिळत नाही. बाहेरच्या पाहुण्याला मराठवाडा बघायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, थंडीत. आणि दसरा-दिवाळी झाली की या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे पाहुणे यायच्या वेळी निम्म्या घरांना कुलूप आणि मागं म्हातारी माणसं आणि नातवंडं. त्याच दिवसांत तुरीची काढणी, कापसाची वेचणी. 'स्थानिकांना रोजगार' हे वाक्य अहवालात लिहायला सोपं आहे, पण त्या महिन्यांत स्थानिक असतात कुठं? आम्ही कामं मुद्दाम गावात मागं राहणाऱ्यांच्या हिशेबानं आखली: निवृत्त गुरुजी देऊळ दाखवणार, विधवा आणि एकट्या बायकांचा गट जेवण बघणार. त्यानं ऊसतोड थांबणार नाही. तसं कुणी म्हणत असेल तर तो निवडणुकीला उभा राहणार असेल.

पाण्याचं एका ओळीत: मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत गाव पाहुण्यांना बंद. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस इथं कुणी विसरलेलं नाही. टँकरच्या पाण्यावर पाहुण्यांची स्वच्छतागृहं चालवायला बायकांनी साफ नकार दिला, आणि मी तो नकार जसाच्या तसा आराखड्यात लिहिला. एका कार्यालयात विचारणा झाली की पर्यटन आराखड्यात 'पर्यटन बंद' असं प्रकरण कसं असू शकतं. असू शकतं.

काही बांधायच्या आधी महाशिवरात्रीच्या जत्रेत सगळं तात्पुरतं करून बघितलं. चुन्याच्या रेघा मारून गायरानात गाड्या लावल्या, दोऱ्या बांधून वाट वळवली, पाण्याचे रांजण, बाजा टाकून सावलीत बसायची जागा. दुपारी दिसलं की बाजांवर कुणी बसत नाही, सगळे देवळाच्या जोत्याला टेकतात, कारण तिथून येणारा-जाणारा दिसतो. संध्याकाळी बाजा उचलून जोत्यासमोर टाकल्या, लगेच भरल्या. कायमच्या बाकांची जागा अशी ठरली. भक्तनिवासातली पोतीही जत्रेच्या आदल्या रात्री हलली. कुणी हलवली ते विचारलं नाही.

आता पोरं-पोरी फोन करतात, या कामात यायचं तर काय शिकू? नियोजन शिका, वास्तुकला शिका, विद्यापीठात पर्यटनाचा अभ्यासक्रम आहे तो करा, कशातूनही येता येतं. अंदाजपत्रक वाचता आलंच पाहिजे, नाहीतर कंत्राटदार तुम्हाला गुंडाळतो. ग्रामपंचायतीचा आराखडा कसा होतो, निधी कुठल्या लेखाशीर्षातून येतो, हे माहीत हवं. ग्रामसभेत शेवटपर्यंत बसता आलं पाहिजे, म्हणजे लाइट गेल्यावरही. पैशाचं खरं सांगते: मी टक्केवारीवर काम घेत नाही, ठरीव रक्कम घेते, त्यामुळं मोठी कामं मोठ्या फर्मकडं जातात. सरकारी बिलं मार्च एंडला निघाली तर निघाली. वर्षातले काही महिने एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, कामावर घर चालतं. लग्नाच्या बाजारात या व्यवसायाला भाव नाही, हेही नोंदवून ठेवते.

गावाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मंजूर झाला. यजमान भाषण करायला उठले तेव्हा सरपंच बाईंनी त्यांना खाली बसवलं आणि स्वतः तो तक्ता वाचला, एकेक ओळ, किल्लीच्या रकान्यासकट. भक्तनिवासाची किल्ली बचत गटाकडं, स्वच्छतागृहाची ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं. फक्त वाहनतळाची ओळ अडली. गाडीमागं वीस रुपयांची पावती फाडायची, इथवर एकमत. उपसरपंचांना त्याचा ठेका त्यांच्या ओळखीतल्या एका पोराला द्यायचाय. बचत गट म्हणतो, गायरान गावाचं, पावतीपुस्तक आमच्याकडं द्या. मी दोन्ही बाजूंनी वर्षाचा जमाखर्च मांडून दिलाय. ग्रामसभेत मला मत नाही. विषय २६ जानेवारीच्या सभेवर ढकललाय, आणि तोवर ऊसतोडीला गेलेले मतदार परत आलेले नसतील, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.